सीझनअखेरची यादी

हिंजवडीच्या फेज थ्रीवरून संध्याकाळी सव्वासहाची बस पकडली तर वाकडच्या पुलापर्यंत टी-ट्वेंटीची एक मॅच आरामात होते. पाऊस असेल तर वन-डे. गेल्या पावसाळ्यात एकदा रस्त्यात पाणी साचलं, ड्रायव्हरने बस लक्ष्मी चौकाकडून फिरवली आणि तिथेही तीच गर्दी निघाली. त्या दिवशी मी काउंटीच्या चार दिवसांच्या मॅचमधले दोन दिवस खेळून काढले. शेजारी बसलेला मुलगा बराच वेळ माझ्या फोनमध्ये डोकावत होता. शेवटी एका कानातला इअरफोन काढून म्हणाला, "यात काही होतच नाहीये." खरं होतं. सत्तेचाळीस ओव्हर झाल्या होत्या, स्कोर दोन बाद १०९. माझे दोन्ही बॅट्समन सेट होत होते आणि मी बघत होतो.

त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो. आणि त्याच खेळाबद्दलची एक तक्रार आहे, ती सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

खेळाचं नाव 'क्रिकेट कॅप्टन'. १९९८ साली तो 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' या नावाने कॉम्प्युटरवर आला, तेव्हा एम्पायर इंटरॅक्टिव्हने काढला होता. आता चाइल्डिश थिंग्ज ही छोटी ब्रिटिश कंपनी तो बनवते. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि ती फोनवरही मिळते. यात तुम्ही बॅट फिरवत नाही. आपल्या मुंबईत सुरू झालेला 'रिअल क्रिकेट' किंवा चेन्नईचा 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' तुमच्या फोनवर असेल, तर तिथे सगळा मामला अंगठ्याचा असतो. टायमिंग जमलं की सिक्स. इथे अंगठ्याला काम नाही. तुम्ही टीम निवडायची, बॅटिंग ऑर्डर लावायची, बॉल कोणाला द्यायचा ते ठरवायचं, फील्ड लावायची, लाइन सांगायची, आणि प्रत्येक बॅट्समनने किती आक्रमक खेळायचं याची एक पट्टी असते ती वरखाली करायची. मग बॉल पडतो. पुढे जे होईल त्यात तुमचा हात नाही. तुम्ही फक्त पुढच्या बॉलआधी काहीतरी बदलू शकता, किंवा न बदलता गप्प बसू शकता.

हे गप्प बसणं जमायला मला दोन सीझन लागले. सुरुवातीला मी दर ओव्हरला पट्टी ओढायचो. रन येत नाहीयेत? वाढव. विकेट गेली? कमी कर. हळूहळू लक्षात येतं, की बॅट्समन सेट व्हायला वेळ घेतो, आणि तो वेळ तुम्ही त्याला दिला नाहीत तर तो येतो तसा जातो. गोलंदाज दमतो. चांगल्या गोलंदाजाला सलग आठ ओव्हर दिल्या की त्याची धार जाते, आणि मग खरी जोडी जमायला लागते तेव्हा तुमच्याकडे द्यायला कोणी उरत नाही. म्हणजे अकराव्या ओव्हरला केलेल्या लोभाची किंमत चाळिसाव्या ओव्हरला. ज्यांनी मैदानावर क्रिकेट खेळलंय त्यांना हे ठाऊक असतं. आमच्यासारख्या हायलाइट्सवर वाढलेल्यांना ते माहीत नव्हतं. हायलाइट्समध्ये फक्त विकेट दिसते, तिच्या आधीच्या सहा निर्धाव ओव्हर कोणी अपलोड करत नाही.

बसमधल्या त्या मुलाला हे सांगायचं होतं. काही होत नाहीये असं दिसतं, तेव्हा बरंच काही होत असतं, आणि फोनवरच्या शंभर खेळांपैकी हे दाखवायची हिंमत फार थोड्यांत आहे.

आपल्या पिढीतल्या कोणीतरी शाळेत बुक क्रिकेट खेळलेलं असणारच. मागच्या बाकावर, पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा बघायचा. डावीकडचं पान कायम सम असतं, म्हणून ०, २, ४, ६, ८ एवढेच आकडे. शून्य म्हणजे आउट, आठला आमच्या वर्गात एक रन धरायचे. वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नावं लिहायची: सचिन, द्रविड, सेहवाग. क्रिकेट मॅनेजमेंटचा हा आपला पहिला खेळ, आणि तो चोख होता, पण त्यात एक गोची होती जी मला नोकरीला लागल्यावर कळली. प्रत्येक वेळी पाचात एक शक्यता आउट व्हायची. हिशेब केलात तर विकेटमागे सरासरी बरोबर तेरा रन पडतात. सचिनचेही तेरा आणि व्यंकटेश प्रसादचेही तेरा. (पान दुमडून ठेवणाऱ्यांची सरासरी जास्त असायची, तो भाग वेगळा.) नावं आपण लिहायचो, माणूस त्यात नव्हताच. क्रिकेट कॅप्टन म्हणजे आठवण असलेलं बुक क्रिकेट. कोण डावखुऱ्या फिरकीला चाचपडतो, कोण नवा बॉल छान खेळतो, कोणाचा गेला महिना वाईट गेला, हे सगळं त्या पानांना ठाऊक असतं.

दुसरी तुलना फँटसी ॲपची. काही वर्षं आमच्या कँटीनमध्ये संध्याकाळच्या मॅचआधी एकच प्रश्न असायचा: "टीम लावली का?" ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, मग तो प्रश्नही बंद झाला. मी तेही खेळलोय, थोडे पैसे घालवलेत. त्यात तुम्ही अकरा नावं निवडता आणि टॉसनंतर तुमचं काम संपतं. मग उरते ती नुसती आशा. क्रिकेट कॅप्टनमध्ये निर्णय दर ओव्हरला असतो आणि हरलात तर दोष द्यायला दुसरं कोणी नसतं. पैसे एकदाच, विकत घेताना. पण त्या ॲपमुळे लागलेली एक सवय याही खेळात चालून जाते, ती म्हणजे खेळाडूकडे आकडा म्हणून बघायची. तिच्याकडे पुढे येतो.

मी लेस्टरशायर घेतलं. कारण फार थोर नाही. २०२४ मध्ये अजिंक्य रहाणे तिथे खेळायला गेला होता आणि मला ते नाव माहीत होतं. काउंटीचा मोड हा या खेळाचा खरा गाभा आहे. भारताचा संघ घेतलात तर मजा लवकर संपते, सगळेच भारी. काउंटीत पैसे कमी, माणसं मर्यादित आणि सीझन लांब. एप्रिलच्या गारठ्यात बॉल स्विंग होतो, हळूहळू आकडे जमत जातात, आणि तीन महिन्यांनी तुम्हाला कळतं की ज्याला तुम्ही पोटापुरता घेतला होता तोच तुमचा मुख्य गोलंदाज आहे. खऱ्या क्रिकेटमध्येही काउंटीने हे केलेलं आहे. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये भारतीय संघाबाहेर होता. तो वूस्टरशायरकडून पूर्ण सीझन खेळला, ७८ विकेट काढल्या आणि वर्षाअखेर दक्षिण आफ्रिकेत पुन्हा कसोटी संघात होता. परतला तो वेगळा गोलंदाज होऊन. दिवसामागून दिवस टाकलेल्या ओव्हरचा हा ढीग, आणि त्यातून हळूच वर येणारा माणूस, हे क्रिकेट कॅप्टनइतकं चांगलं दाखवणारा दुसरा खेळ मी खेळलेलो नाही.

आता उणिवा. पहिलीसाठी आपल्याला फार लांब जायचं नाही. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसहून एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी असलेलं गहुंजेचं स्टेडियम जवळ आहे, ट्रॅफिक नसेल तर. २३ फेब्रुवारी २०१७ ला तिथे पहिली कसोटी सुरू झाली, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. भारत सलग १९ कसोटी न हरता आला होता. ऑस्ट्रेलिया २६० ला आउट झाली. दुसऱ्या दिवशी भारत तीन बाद ९४ वर होता, के. एल. राहुल छान खेळत होता. तिथून ११ रनमध्ये सात विकेट गेल्या आणि डाव १०५ वर संपला. दुसऱ्या डावात १०७. मॅच तीन दिवसांत खलास, ३३३ रननी हार. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत सहा-सहा विकेट घेतल्या, दोन्ही वेळा ३५ रन देऊन. आयसीसीने खेळपट्टीला 'खराब' शेरा दिला.

असा स्कोर क्रिकेट कॅप्टनमध्ये येऊ शकतो का? येऊ शकतो. फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, तिसऱ्या दर्जाचा वाटणारा स्पिनर, वाईट दिवस; आकडे जुळले तर १०५ काय, ६० सुद्धा होतील. पण त्या दिवशी जे झालं ते तसं झालं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओकीफला एकही विकेट नव्हती. त्या सुट्टीत त्याने फिरकीचे सल्लागार श्रीधरन श्रीराम यांच्यासोबत सराव केला, कुठे चुकतंय ते बघितलं, आणि परत आल्यावर चार-साडेचार ओव्हरमध्ये पाच रन देऊन सहा विकेट घेतल्या. म्हणजे अर्ध्यापाऊण तासात एक गोलंदाज बदलला. क्रिकेट कॅप्टनमध्ये कोचिंग आहे, पण ते दोन मॅचच्या मध्ये. महिनोन्महिने लावून ठेवायचं, मग आकडा किंचित वाढतो. जेवणाची सुट्टी या खेळात नुसती एक रेघ आहे. पलीकडे गेलेला गोलंदाज अलीकडे तोच येतो.

याच मैदानावर २०१९ मध्ये कोहलीने नाबाद २५४ केल्या, भारताने पाच बाद ६०१ वर डाव सोडला आणि दक्षिण आफ्रिकेला डावाने हरवलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिचेल सँटनरने १३ विकेट घेऊन न्यूझीलंडला मालिका जिंकून दिली, घरच्या मैदानावर भारताची १८ मालिकांची विजयी साखळी तिथे तुटली. त्याच मॅचमध्ये वॉशिंग्टन सुंदरने ५९ रनमध्ये सात विकेट घेतल्या, आणि तो मुळात संघात नव्हता, बंगळुरूची मॅच हरल्यावर त्याला बोलावून घेतलं होतं. या निवडीमागे कोणी कोणाला काय सांगितलं असेल, कोणाला राग आला असेल, कोणाला बाहेर बसावं लागलं! खेळात हे सगळं म्हणजे एक नाव यादीतून उचलून दुसऱ्या यादीत टाकणं.

गहुंजेतल्या त्या मध्यंतरासारखं पुण्यातच एक जुनं मध्यंतर आहे, ते याहून विचित्र. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी ट्रॉफी, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८. महाराष्ट्र चार बाद ८२६. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर खेळत होते, के. व्ही. भांडारकर २०५ करून गेले होते, दोघांची भागीदारी ४५५ ची. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम नऊ रनवर होता. खेळ थांबलेला असताना काठियावाडच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला. संघ मैदान सोडून निघून गेला. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते कायमचे. पुढे ते एकही कसोटी खेळले नाहीत.

आपल्याविरुद्ध विश्वविक्रम होऊ द्यायचा नाही म्हणून घरी जाणं हा भयंकर निर्णय होता, खिलाडूपणाच्या नावाने बोंब मारावी असा. पण तो एका कप्तानाचा निर्णय होता. त्यात अब्रू होती, संस्थानिकाचा ताठा होता, चीड होती. क्रिकेट कॅप्टनमधला प्रतिस्पर्धी कप्तान मध्यंतरानंतर नेहमी मैदानात परत येतो. त्याला लाज वाटत नाही. ८२६ झाल्या तरी तो शांतपणे गोलंदाज बदलत राहतो. मला सुरुवातीला हे खेळाचं सौंदर्य वाटायचं.

आता ती तक्रार.

सीझन संपला की खेळात एक यादी येते. कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, कोण किती पैसे मागतोय, कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं. नाव, वय, सरासरी, पगार. बजेट ठरलेलं असतं. तिशी ओलांडली की खेळाडूचे आकडे उतरायला लागतात, पस्तिशीनंतर तर कोणालाही कळावं इतके. त्यामुळे शहाणपण सरळ आहे: चौतिशीचा माणूस सोडा, बाविशीचा घ्या. मी ते फार पटापट करायचो. बसमध्ये उभा राहून, एका हाताने वरची दांडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. एका ऑगस्टअखेर मी एका अशा बॅट्समनला सोडलं ज्याने माझ्यासाठी पाच सीझनमध्ये साडेपाच हजारच्या वर रन केल्या होत्या. त्याच्या जागी आलेल्या पोराचं नाव मला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. सोडलेला खेळाडू काही बोलला नाही. निरोप नाही, शिवी नाही. यादी एका ओळीने वर सरकली.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी टीम लीड झालो होतो आणि आमच्याकडेही सीझनअखेर होती.

कंपनीचं नाव सांगत नाही, हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीचं असू शकेल. आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, आधी पाठीमागे, मग तोंडावरच. ते रागवायचे नाहीत. मारुंजीच्या टर्फवर आमची ऑफिसची लीग व्हायची, तिथे काका स्कोर लिहायचे. ॲपवर नाही, स्कोरबुकात, पेन्सिलीने. निर्धाव ओव्हरचा तो इंग्रजी एम त्यांच्या हातून फार सुबक निघायचा. एकदा त्यांना मी क्रिकेट कॅप्टन दाखवला. त्यांनी मॅचकडे बघितलंही नाही. स्कोरकार्ड उघडलं आणि दहा मिनिटं वाचत बसले, एखादा जुना दिवाळी अंक वाचावा तसे. मग म्हणाले, "हा सहा नंबरचा रे, दर वेळी वीस-पंचवीसला आउट होतोय, पण हा आहे तोवर तुझा डाव कोसळत नाहीये. बघ." मी बघितलं. खरंच तसं होतं. मी त्याला सोडायच्या यादीत टाकला होता.

रेटिंगच्या वेळी वरून सांगण्यात आलं की प्रत्येक टीममध्ये एक तरी माणूस खालच्या खणात बसला पाहिजे. या प्रकाराला आमच्यात बेल कर्व्ह म्हणतात. तुम्ही आयटीत असाल तर सांगायला नको, नसाल तर देवाची कृपा. पाच नावं होती. माझ्यासमोर एक एक्सेल होती: नाव, वय नव्हतं पण अनुभवाची वर्षं होती, पगाराचा पट्टा, काम. मी काकांच्या नावापुढे तो पर्याय निवडला. माझ्याकडे कारणं होती. नवीन टूल शिकायला त्यांना वेळ लागत होता. त्यांचा पगार दोन नव्या मुलांइतका होता. काम ते नीट करायचे, पण त्यांच्यामुळे जे बिघडायचं राहून जायचं त्याचा रकाना त्या एक्सेलमध्ये नव्हता. जूनमध्ये प्रोजेक्टमधून त्यांना काढलं आणि बेंचवर बसवलं. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. कागदावर तो त्यांनी स्वतःहून दिला.

खेळामुळे मी असा झालो असं म्हणणार नाही. ते सोयीचं होईल आणि खोटंही. उलट नोकरीत ही नजर आधीच तयार झालेली होती, म्हणूनच मला हा खेळ इतका लवकर जमला. माझी तक्रार एवढीच आहे की या खेळाने त्या नजरेला कुठेही अडवलं नाही. एकाही ठिकाणी नाही. फुटबॉल मॅनेजर नावाचा याचा थोरला भाऊ आहे, त्यात खेळाडू येऊन तुमच्याशी भांडतात. दिलेला शब्द पाळला नाहीत तर ड्रेसिंग रूम फिरते, लाडका सीनियर विकलात तर बाकीचे नाराज होतात. तेही शेवटी आकडेच, मान्य. पण निदान एक खिडकी उघडते, समोर एक माणूस काहीतरी म्हणत असतो, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. क्रिकेट कॅप्टन या बाबतीत ठार मुका आहे. खरं तर हे क्रिकेटमध्ये जास्त हवं होतं, कारण फुटबॉलमध्ये माणूस बदली म्हणून तरी मैदानात येतो. क्रिकेटमध्ये बाहेर काढलेला माणूस पाच दिवस पाण्याच्या बाटल्या नेतो आणि आपली जागा घेतलेल्याला बॅटिंग करताना बघतो.

आणि नावाबद्दलही बोलायला हवं. कॅप्टन म्हणजे जो अकरांमध्ये असतो. तो शून्यावर आउट होतो, कॅच सोडतो, आणि तरी संध्याकाळी दुसऱ्याला सांगतो की उद्या तू नाहीस. या खेळातला कॅप्टन मैदानात नसतोच. तो बाहेर बसून आकडे बघतो, माणसं लावतो, काढतो, आणि हरला तरी त्याच्या सरासरीला काही होत नाही. हिंजवडीत याला डिलिव्हरी मॅनेजर म्हणतात.

उतरत्या वयाच्या आलेखाबद्दल बोलायचं तर पुण्यात बसून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. दि. ब. देवधर. जन्म १८९२. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. रणजी ट्रॉफी सुरू झाली तेव्हाच ते चाळिशी पार केलेले होते. त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली, आणि त्या दुसऱ्या सीझनमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ केल्या. १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एका मॅचच्या दोन्ही डावांत शतकं. महाराष्ट्राने त्यानंतर आजवर रणजी जिंकलेली नाही. २०१३-१४ मध्ये फायनलपर्यंत पोचले, केदार जाधवने त्या सीझनमध्ये १२२३ रन केल्या, आणि कर्नाटकने हरवलं.

देवधर अपवाद होते, हे मला समजतं. खेळ सरासरीवर चालणार, त्याला पर्याय नाही. शंभर पस्तिशीच्या बॅट्समनपैकी नव्वद उतरणीलाच असतात, आणि बनवणारी कंपनी छोटी आहे, तिने प्रत्येक म्हाताऱ्यासाठी चमत्कार राखून ठेवावा असं कोण म्हणेल? शिवाय सगळंच खरं केलं तर खेळ असह्य होईल. सोडलेल्या प्रत्येक खेळाडूचं घराचं कर्ज आणि मुलीची दहावी मला बसमध्ये दिसायला लागली तर मी फोन बंद करून खिडकीतून मेट्रोचे खांब मोजत बसेन. पण निंबाळकरांना ४४३ वर सोडून जाणारा कप्तान, जेवणाच्या सुट्टीत गोलंदाजाजवळ उभा राहून त्याच्याशी बोलणारा श्रीराम, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःला न वगळणारा देवधर, हे तिघं ज्या खेळात शक्यच नाहीत, त्यात काहीतरी मोठं राहून गेलंय. क्रिकेटच्या आकड्यांची इतकी जाण असणाऱ्यांनी ते राहू द्यावं याचं वाईट वाटतं.

तरी घ्याच, असं सांगेन. मागच्या वर्षीची आवृत्ती घेतलीत तरी चालेल, दोन आवृत्त्यांमधला फरक जीव टाकण्याइतका नसतो. भारताचा संघ घेऊ नका. गरीब काउंटी घ्या, चार दिवसांची मॅच निदान पहिल्या महिन्यात ओव्हर-ओव्हर खेळा, झटपट पुढे ढकलू नका. स्कोरकार्ड वाचायला शिका. सहाव्या नंबरवर जो वीस-पंचवीस करून जातो त्याच्यासोबत बाकीच्यांनी किती केल्या ते बघा. आणि अगदी पहिल्या सीझनअखेर, यादी येईल तेव्हा, घाई करू नका.

काकांना मी दिवाळीत फोन केला होता. ते आता चिंचवडला एका क्लासमध्ये मुलांना टेस्टिंग शिकवतात. रेटिंगबद्दल मी बोलायला लागलो तर त्यांनी विषय बदलला. विचारलं, "तो सहा नंबरचा आहे का अजून?"

आहे. गेममध्ये तो आता सदतीस वर्षांचा आहे. दोनदा कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, दर वेळी एक-एक वर्ष. या सीझनमध्ये नऊ डावांत १४१ रन, सरासरी १५ च्या आसपास. बुक क्रिकेटपेक्षा थोडी बरी.